काजूची बाग सांभाळून मेंडोलिनचं वर्कशॉप जमेल का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आजरा तालुक्यात घरची चार एकर काजूची बाग, थोरला मुलगा कोल्हापुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं यूट्यूब बघून एक मेंडोलिन (आठ तारांचं, गिटारसारखं छोटं वाद्य) स्वतः बनवलंय, आणि अमेरिकेतल्या कुणाचा तरी व्हिडिओ बघितलाय, जो घरची चेरीची बाग पण बघतो आणि तिथंच शेडमध्ये मेंडोलिनं पण बनवतो, तेव्हापासून पोरगं म्हणतंय मला पण असंच करायचं. वडील म्हणतात एमपीएससी कर नाहीतर बागेत ये, सुतारकी करायला एवढं शिकवलं का. आणि तुम्ही विचारताय की दोन्ही जमेल का, आणि मशिनरीला अर्धा एकर विकावा का.

विकण्याचं आधी सांगते, नको. गहाण पण नको. मेंडोलिन बनवायला लागतो रंधा, पटाश्या, बारीक करवत, कानशी, भरपूर क्लॅम्प आणि एक कोरडी खोली. मोठं मशीन लागेल तेव्हा गावातल्या सुताराकडं जाऊन फळी चिरून आणता येते. पहिल्या वर्षात ज्याला मशीन लागतं असं वाटतं त्याला खरं तर हात लागत असतो, आणि तो विकत मिळत नाही.

आता त्या व्हिडिओबद्दल, कारण मला वाटतं तिथंच खरी गोम आहे. चेरी आपल्याकडं होणार नाही हे त्याला माहीतच असेल, त्या झाडाला हिवाळ्यात कडाक्याची थंडी शेकडो तास लागते. पण तो झाडाचा फरक सोडा, कॅलेंडरचा फरक बघा. तिकडं चेरी जून-जुलैत काही आठवड्यांत उतरते, पुढं बर्फ पडलं की बागेत छाटणी सोडून फार काम नाही, घरात हीटर, हवा कोरडी, म्हणजे माणूस मोकळा आणि लाकूड पण खूश. आपलं नेमकं उलटं आहे. काजूला नोव्हेंबरपासून मोहोर, ढेकण्या किडीसाठी फवारण्या, मग फेब्रुवारी ते मे बी गोळा करायची, तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस बागेत, शिवाय गवे येतात ते वेगळंच. आपण मोकळे होतो जूनला. आणि जूनला आजऱ्यात काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू, कपाटातल्या चपलेला बुरशी येते.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. हवेत 50 टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण 9 टक्के पाणी राहतं, 90 टक्के आर्द्रतेत तेच 20 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे ऑगस्टमध्ये फुगलेल्या लाकडाचा खोका चिकटवून बंद केला तर मार्चमध्ये ते आकसणार आणि तबली, म्हणजे खोक्यावरची पातळ फळी, फाटणार. माझ्या मामांचं मेंडोलिन असंच गेलं, भर पावसात उघडून परत चिकटवलेलं, एप्रिलमध्ये एका रात्री टक्क आवाज झाला आणि सकाळी बघतो तर मधली शिवण उकललेली. मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

म्हणून माझं मत असं की दोन्ही जमेल, पण अमेरिकेच्या वेळापत्रकानं नाही, आजऱ्याच्या. खोका चिकटवायचं काम दिवाळीनंतर ते जानेवारी, मधे फवारणीचे थोडे दिवस जातील ते जाऊ देत. फेब्रुवारी ते मे वर्कशॉपला सरळ कुलूप, कारण वडिलांना त्या चार महिन्यांत पोरगा दिसला नाही तर हे भांडण कधीच मिटणार नाही (आणि काजूच्या टरफलाच्या तेलानं हात सोलतात, त्याला म्हणावं ग्लोव्ह्ज घाल, ती बोटं पुढं लागणारेत). मग जून ते ऑक्टोबर दुरुस्ती.

दुरुस्तीवर मी जरा जास्त बोलणार आहे. नवीन मेंडोलिन घ्यायला आज आपल्याकडं कोण येणार? प्लायवूडची स्वस्तातली ऑनलाइन मिळतात, त्यांच्याशी किमतीत त्याची बरोबरी होणार नाही आणि करू पण नये. पण आपल्या जिल्ह्यात बेंजो पार्ट्या किती आहेत मोजा! गणपतीच्या आधी जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांचे बेंजो बाहेर निघतात, कुणाची पट्टी अडकते, कुणाची तार सूर धरत नाही, कुणाच्या पिकअपला (तारेचा आवाज स्पीकरकडं नेणाऱ्या भागाला) खरखर. शिवाय ऑर्केस्ट्रावाल्यांची गिटारं, माळ्यावर पडलेली जुनी मेंडोलिनं. ही कामं पावसात येतात, खोका न उघडता बहुतेक होतात, आणि पैसे हातात लगेच. वर दुसऱ्याचं बिघडलेलं वाद्य उघडल्यावर जे कळतं ते व्हिडिओत कळत नाही.

तुम्ही लिहिलंय की त्याचं मेंडोलिन खालच्या पट्टीत गोड वाजतं आणि वर गेलं की बेसूर होतं. हे मला फार आवडलं, कारण तुम्ही ते ऐकलंत. त्याला सांगा आधी घोडी बघ, म्हणजे तबलीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, सरकवता येते. बाराव्या पडद्यावर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे पडदे) दाबलेली तार मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागली पाहिजे. घोडी सरकवून पण जमलं नाही तर पडद्यांची मापं चुकलीत. तारेची लांबी 350 मिलिमीटर धरली तर तिला 17.817 नं भागून पहिला पडदा 19.6 मिलिमीटरवर, उरलेल्या लांबीला परत 17.817 नं भागायचं की दुसरा, असं करत बारावा बरोबर 175 वर येतो. हा आकडा दोनच्या बाराव्या मुळावरून येतो, बीएस्सीचं गणित वाया गेलं म्हणणाऱ्या वडिलांना हे जरूर दाखवा.

आणि शिकायला लांब कुठं जायची गरज नाही, मिरज आहे की. कोल्हापुरातून पन्नासेक किलोमीटर. तिथली शिकलगार मंडळी मुळात हत्यारं घडवणारी, एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडं वळली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. परीक्षा संपली की काजूचा हंगाम पण उरकतोय, तेव्हा पहिल्या वर्षी जूनपासून दोन महिने त्यानं तिथं एखाद्या कारागिराकडं हातापाया पडून बसावं, झाडू मारायला लागला तरी चालेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवून जावं. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवून सूर लावता येतो. मेंडोलिनचे पडदे ठोकलेले असतात, अर्धा मिलिमीटर चुकला की तो कायमचा चुकला. आणि आठ तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो, म्हणजे एक मोठा माणूस सतत त्या छोट्याशा खोक्याला ओढतोय. तेव्हा मिरजेत शिकायचं ते लाकूड ओळखणं, रंधा, पॉलिश, जवारीचा (घोडी घासून तारेला आणलेल्या झंकाराचा) कान. मापं त्यानं स्वतः करायची.

लाकडाचं पण घरातच आहे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते, आणि तुमच्या बांधावर फणस असणारच. वाळलेला किंवा पडलेला असेल तर फळ्या चिरून, टोकांना रंग लावून, सावलीत रचून ठेवा, इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं. उभं झाड तोडायचं असेल तर आधी परवानगीचं विचारा. वरच्या तबलीला मात्र स्प्रूस (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी लाकूड) विकतच घ्यावं लागेल, तिथं काटकसर नको.

आता वडील. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. तीनशेच्या आसपास झाडं ज्यानं लावून जगवली त्याला पोरगं खोलीत बसून लाकूड घासताना बघून धडकी भरणारच. त्यांना सांगा मेंडोलिन हे काही परदेशी खूळ नाही, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मेंडोलिन वाजवणारेच, संगीतकार सज्जाद हुसेन त्याच्यावर राग वाजवायचे, आणि दक्षिणेत यू. श्रीनिवास यांना त्याच वाद्यासाठी 1998 ला पद्मश्री मिळाली. पण नुसत्या नावांनी ते ऐकणार नाहीत, त्यांना वही दाखवा. बागेची वही वेगळी, वर्कशॉपची वेगळी. बागेच्या कामाची मजुरी पोरानं रीतसर घ्यायची आणि वर्कशॉपचा खर्च त्यातूनच करायचा, आईच्या डब्यातून नाही, हे तुम्हालाच सांगतेय ताई.

दोन वर्षं द्या त्याला. दोन पावसाळ्यांत नात्यागोत्याबाहेरचं कुणी वाद्य घेऊन दारात आलं का आणि परत आलं का, एवढंच बघायचं. नाही आलं तर तेवीस वय, बीएस्सी हातात, बाग उभी, काही बिघडत नाही. एमपीएससीचं म्हणाल तर त्याला मनातून नको असेल तर ढकलू नका, मनाविरुद्ध त्यात तीन-चार वर्षं घालवून आलेली पोरं माझ्यासमोर बसतात, त्यांचे चेहरे मला माहीत आहेत. शेवटच्या वर्षाचे पेपर मात्र नीट द्यायचे, त्यात सूट नाही.

पुढच्या वेळी कोल्हापूरला याल तेव्हा त्याला घेऊन या, वडिलांना पण. मेंडोलिन आणा सोबत. मोजपट्टी माझ्याकडं आहे, बारावा पडदा आपण चौघं मिळून मोजू.