धुक्यातील जंगल आणि राखाडी प्रिंट

प्रश्न : जांबोटी ते कणकुंबी या पट्ट्यातील पावसाळी जंगलाची छायाचित्रे मी एचपी५ प्लस या ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मवर घेतो आणि घरच्या डार्करूममध्येच रोल धुऊन प्रिंट काढतो. डोळ्यांना उजळ दिसलेले धुके कागदावर मळकट उतरते, आणि प्रिंट काढताना एक्स्पोजर (कागदाला दिलेला प्रकाश) कमी केले की झाडांचे बुंधेही फिके पडतात. नळाचे पाणी २४ अंश सेल्सिअस असल्याने न पातळ केलेल्या डी-७६ या डेव्हलपरची (चित्र उमटवणाऱ्या द्रावणाची) वेळ मी चार मिनिटांवर आणली आहे. दोष कागदाचा आहे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष कागदापेक्षा निगेटिव्हमध्ये (धुतलेल्या फिल्ममध्ये) असण्याची शक्यता अधिक आहे, आणि त्याची सुरुवात जंगलातच होते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरून वाचन देतो. त्यामुळे चौकट धुक्याने भरलेली असताना ते वाचन जसेच्या तसे घेतल्यास फिल्मला प्रकाश कमी मिळतो. अशा वेळी फिल्मला एक ते दीड स्टॉप अधिक एक्स्पोजर द्यावे (एक स्टॉप अधिक म्हणजे दुप्पट प्रकाश).

दुसरे कारण अर्थातच चार मिनिटांची वेळ. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळेत डेव्हलपर फिल्मवर सर्वत्र सारखा चालेल याची खात्री नसते, आणि धुक्यासारख्या मुळातच कमी कॉन्ट्रास्टच्या (उजळ आणि गडद भागांतील फरकाच्या) दृश्याला तर घाई अजिबात मानवत नाही. डी-७६ समभाग पाण्याने पातळ करावा. या फिल्मला तेव्हा २० अंशांवर १३ मिनिटे लागतात, तर २४ अंशांवर सुमारे नऊ. धुक्याच्या रोलसाठी त्यात पाचव्या हिश्शाची भर घालून ११ मिनिटांच्या आसपास ठेवावे. मात्र तो रोल धुक्यासाठीच राखून ठेवावा, कारण त्याच रोलवर गोकाकच्या धबधब्याची भर दुपारच्या उन्हातील चित्रे असतील, तर वाढीव वेळेने पांढऱ्या पाण्यातले बारकावे प्रिंटमध्ये आणणे कठीण होईल. फिक्सर (चित्र पक्के करणारे द्रावण) आणि धुण्याचे पाणीही २४ अंशांच्या जवळपासच असावे.

प्रिंट काढताना एक क्रम मी आग्रहाने सांगेन : एक्स्पोजर धुक्यावरून ठरवावे आणि कॉन्ट्रास्ट बुंध्यांवरून. मल्टिग्रेड कागद (ज्याचा कॉन्ट्रास्ट फिल्टरने बदलतो; क्रमांक जितका मोठा तितका कॉन्ट्रास्ट अधिक) असेल तर तीन क्रमांकाच्या फिल्टरने सुरुवात करून टेस्ट स्ट्रिप (पट्ट्यापट्ट्याने वेगवेगळी वेळ दिलेला कागदाचा तुकडा) चौकटीतील सर्वांत उजळ धुक्यावर ठेवावी. ज्या पट्ट्यात धुके कागदाच्या कोऱ्या कडेपेक्षा जेमतेम गडद दिसते, ती आपली वेळ; त्याहून कमी वेळेत धुके नाहीसे होऊन नुसता कोरा कागद उरतो. स्ट्रिप वाळवूनच निर्णय घ्यावा, कारण ओला कागद वाळताना किंचित गडद होतो आणि धुक्याच्या नाजूक छटांत तेवढा फरकही पुरतो. वेळ ठरल्यावर बुंध्यांकडे पाहावे. ते अजून राखाडी असतील तर साडेतीन किंवा चार क्रमांकाचा फिल्टर लावून पुन्हा स्ट्रिप काढावी. इलफोर्डच्या फिल्टरांमध्ये चार आणि त्यापुढे एक्स्पोजर दुप्पट लागते. धुके गडद होते आहे असे वाटले म्हणून कागद डेव्हलपरमधून लवकर उचलण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यामुळे काळा रंग पूर्ण चढत नाही. ठरलेला पूर्ण वेळ द्यावाच. प्रत्येक बुंधा काळाभोर असलाच पाहिजे, असे मात्र मी मानत नाही. जवळचा एखादा बुंधा खरोखर काळा असला आणि मागची झाडे क्रमाक्रमाने फिकी होत गेली, तरच कणकुंबीच्या जंगलाची खोली कागदावर येते.

हे सारे करण्यापूर्वी डार्करूममधील लाल दिवा एकदा तपासून घ्यावा, कारण धुके मळण्यास तोही कारणीभूत असू शकतो. कागदाच्या तुकड्याला एन्लार्जरखाली (निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश टाकणाऱ्या यंत्राखाली) फिकट राखाडी छटा येईल इतकाच प्रकाश देऊन, त्यावर नाणे ठेवून तो लाल दिव्याखाली पाच मिनिटे राहू द्यावा आणि मग डेव्हलप करावा. नाण्याचा गोल उमटला, तर दिवा दूर टांगावा किंवा बदलावा.