सौरज्वाला, सौर उद्रेक, सौर वादळ: वादळ नेमकं होतं कुठे?

प्रश्न बडोद्याच्याच एका शिक्षिकेचा आहे. दांडिया बाजारातल्या मंडळात मुलांसाठी आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारतीय यानावर मराठीत भित्तिफलक करायचे आहेत. बातम्यांत 'सौरज्वाला', 'सौर उद्रेक' आणि 'सौर वादळ' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात, गुजराती वर्तमानपत्रांत 'सौर तोफान' असतं. मग 'सूर्यावर वादळ झालं' असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते चालू नये. हे तीन शब्द तीन वेगळ्या घटनांचे आहेत. वादळ तर सूर्यावर होतच नाही, ते आपल्याकडे होतं.

आधी ज्वाला. सूर्याच्या डागांभोवती चुंबकीय क्षेत्र पिळवटलेलं असतं. ते तुटून नव्याने जोडलं जातं तेव्हा साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते आणि तिथला वायू कोटी अंशांच्या पुढे तापतो. यात जळत काहीच नाही. यातून जे आपल्यापर्यंत लगेच पोचतं तो प्रकाश: क्ष-किरण, अतिनील किरण, रेडिओ लहरी. सव्वाआठ मिनिटांत ते इथे येतात. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून ते मोजायला उपकरण वर अवकाशातच लागतं. आदित्यवरचं सोलेक्स हे उपकरण हेच करतं. त्याच्या आलेखात ज्वालेचा आकार वगैरे काही दिसत नाही. सपाट चाललेली रेघ काही मिनिटांत सरळ वर चढते आणि मग सावकाश, कधी तासभर, उतरत राहते. त्या रेघेच्या शिखरावरून प्रत ठरते: ए, बी, सी, एम, एक्स. प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीच्या दहापट.

तो आलेख पाहिल्यापासून मला 'ज्वाला'पेक्षा 'भडका' हा शब्द जास्त नेमका वाटतो. ज्वाला तेवत राहू शकते, भडका उडतो. चूल भडकते तेव्हा जे क्षणात होऊन जातं तेच या रेघेत आहे. शिवाय सूर्याच्या कडेवर तासन् तास, कधी आठवडेच्या आठवडे उभ्या दिसणाऱ्या वायूच्या कमानी असतात. दिसायला त्याच खऱ्या ज्वाळेसारख्या, पण त्या भडका नव्हेत. मुलं फोटो पाहून हमखास त्यांनाच सौरज्वाला म्हणतील. 'सौरज्वाला' रूढ आहे, तो काढू नका, पण पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे सूर्यावर उडालेला भडका' एवढं जोडा.

उद्रेक ही दुसरी गोष्ट. इथे प्रकाशाऐवजी द्रव्य बाहेर पडतं. सूर्याच्या प्रभामंडळातून, म्हणजे त्याच्या विरळ बाहेरच्या वातावरणातून, अब्जावधी टन विद्युतभारित वायू आपल्या चुंबकीय क्षेत्रासकट फेकला जातो. मराठीत ज्वालामुखीचा उद्रेक म्हटलं की आतलं काहीतरी बाहेर पडलेलं डोळ्यांपुढे येतं, म्हणून हा शब्द इथे चपखल बसतो. हे द्रव्य पृथ्वीच्या रोखाने आलं तर पोचायला साधारण एक ते तीन दिवस घेतं. ते टिपायला सूर्याचं बिंब झाकावं लागतं, कारण प्रभामंडळ त्याच्यापुढे फार मंद असतं. १९९५ साली सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेलं सोहो यान अशी चकती धरूनच उद्रेक टिपत आलंय, आदित्यवरचं व्हीईएलसी हे उपकरण तेच करतं. मोठ्या उद्रेकानंतर कधी कधी सोहोच्या चित्रांवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडतो. वेगवान प्रोटॉन थेट कॅमेऱ्याच्या संवेदकावर आदळल्याच्या त्या खुणा. असं एक चित्र फलकावर जरूर लावा.

भडका आणि उद्रेक पुष्कळदा जोडीने येतात, म्हणून बातमीदार त्यांना एकच समजतात. पण ऑक्टोबर २०१४मध्ये सूर्यावरच्या एका प्रचंड डागसमूहातून एक्स प्रतीचे सहा भडके उडाले आणि त्यांतल्या एकाबरोबरही द्रव्य बाहेर पडलं नाही. २२ फेब्रुवारी २०२४चा एक्स६.३ प्रतीचा भडकाही असाच. आदित्यवरच्या, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झालेल्या सूट दुर्बिणीने तो अतिनील प्रकाशात टिपला. भडका मोठा, उद्रेक नाही, वादळही नाही. शब्द एकच ठेवला तर हे वाक्य लिहिताच येणार नाही.

आता वादळ. ते द्रव्य पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतं आणि त्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल, तर आपलं क्षेत्र जोरात हेलकावतं. ते वादळ. मार्च १९८९मध्ये त्यानेच कॅनडातल्या क्विबेकची वीज नऊ तास घालवली. १० मे २०२४ला सुरू झालेल्या वादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला. म्हणून खरा नेमका शब्द 'भूचुंबकीय वादळ'. जड वाटला तर 'सौर वादळ' म्हणा, पण 'सूर्यामुळे पृथ्वीभोवती उठलेलं' या अर्थानेच.

'तोफान'बद्दल. गुजरातीत तो वादळाचा शब्द आहे, तिथे तो बरोबरच. पण आपल्या बडोदेकर घरांत 'किती तोफान करतोस रे' हे पोरांना रोज ऐकावं लागतं. मराठी फलकावर तो आला तर मुलांना आधी दंगामस्तीच आठवेल. 'वादळ'च ठेवा.

फलकांच्या मथळ्यांसाठी: सूट आणि सोलेक्सच्या चित्रांखाली 'भडका', व्हीईएलसीच्या चित्राखाली 'उद्रेक', हानलेच्या फोटोखाली 'वादळ'. उद्रेक आणि वादळ यांच्या मधली वाट दाखवायला आदित्यवरच्याच ॲस्पेक्सचं नाव घ्या. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, ते द्रव्य आपल्यापर्यंत येण्याआधीच त्याचे कण तपासणारं हे उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने तयार केलंय. बडोद्याच्या मुलांसाठी तेवढी ओळ ठळक अक्षरांत असू द्या.