विचारा, सांगते : पदमपुऱ्यातला 'पदम' कोण?

प्रश्न : आमच्या पदमपुऱ्यातल्या जुन्या वाड्याच्या जागी अपार्टमेंट झालंय. पाटीवर पत्ता काय टाकायचा यावरून बैठकीत वाद झाला. काहीजण म्हणतात, नुसतं 'स्टेशन रोड' लिहा, भारदस्त वाटतं. पदमपुरा हे नाव आलं कुठून? आणि शेजारचा कर्णपुरा महाभारतातल्या कर्णाचा का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दादा, कर्णपुऱ्याचा महाभारताशी काही संबंध नाही. हा कर्ण म्हणजे बिकानेरचा राजा करणसिंग. मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांत रजपूत सरदार फौजफाट्यासह इथं येऊन राहिले. त्यांच्या छावण्यांभोवती बाजार, विहिरी, वस्त्या झाल्या, तेच पुरे. जयसिंगपुरा, जसवंतपुरा हे त्यातलेच. औरंगजेबाची करणसिंगावर खप्पा मर्जी झाली, गादी गेली, आणि १६६९ साली तो इथंच वारला. पदमसिंग आणि केसरीसिंग ही त्याची मुलं. म्हणजे कर्णपुरा, पदमपुरा आणि कोकणवाडीजवळचा केसरसिंगपुरा ही बाप-लेकांची नावं आहेत, एकमेकांना लागून!

लग्न होऊन मी कोकणवाडीत आले. नवरात्रात पहाटे कर्णपुऱ्याच्या देवीला चालत जायचे, तेव्हा सासूबाई सांगायच्या, हे देऊळ बिकानेरच्या राजाचं. पुढं वाचनात आलं, की या जागा पुढंही बिकानेर संस्थानाच्याच मालकीच्या होत्या. १९०४ साली महाराजा गंगासिंग यांनी त्या इंग्रज सरकारला दिल्या आणि बदल्यात पंजाबातली गावं घेतली. या गंगासिंगांनीच १९२७ मध्ये सतलजचं पाणी वाळवंटात नेलं. त्या कालव्याच्या मुलखात, आजच्या श्रीगंगानगर जिल्ह्यात, नकाशा उघडून बघा : श्रीकरणपूर, पदमपूर, केसरीसिंहपूर. तीच तिन्ही नावं! इथली जमीन सोडली, पण पूर्वजांची नावं सोडायला मन झालं नसावं, असं मला वाटतं. कधीतरी तिकडं जाऊन त्या पाट्या बघायच्यात मला.

आता स्टेशन रोडचं. मनमाडहून रेल्वे इथं आली १९०० साली. स्टेशनच नव्हतं तर त्याचा रोड कुठला? पदमपुरा त्याच्या दोनशे वर्षांहून जास्त आधीचा. आतल्या गल्ल्या अरुंद, मध्येच वळणाऱ्या, दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागं घ्यावं लागतं. कारण वस्ती आधी झाली, डांबरी रस्ते मागून आले. रुंदीकरणात भिंती गेल्या, वाडे गेले. राहिलंय ते नाव, आणि ते पुसायला सरकारी आदेश लागत नाही, आपण पाट्यांवर लिहायचं सोडलं की झालं.

तेव्हा बैठकीत स्पष्ट सांगा : 'पदमपुरा' ठळक, वरच्या ओळीत. खुणेसाठी 'स्टेशन रोड' खाली बारीक अक्षरात चालेल. घरपट्टीच्या पावतीवर आणि वीजबिलावरही पदमपुराच आहे ना, तेवढं बघून घ्या. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या.