पूल पडला तर? क्यूजीआयएसमध्ये नाजूक दुवे शोधताना

कोणता रस्ता किंवा पूल तुटला तर वाहतूक अडेल, ते शोधायला क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रास या टूलसंचातलं व्ही.नेट.ब्रिज चालवलंस आणि वाड्यावाड्यातली प्रत्येक आंधळी गल्ली लाल झाली, बरोबर? घाबरू नकोस, ते टूल तेवढंच सांगतं: हा दुवा तोडला तर रस्त्यांच्या जाळ्याचे दोन तुकडे होतात. पणजी-पर्वरीमधले मांडवीचे पूल त्यात येणारच नाहीत, कारण वरच्या अंगाने वळसा घालून पलीकडे जाता येतं. पण 1986 साली तिथला पूल कोसळला तेव्हा लोकांचे काय हाल झाले, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचार! म्हणून व्ही.नेट.सेंट्रॅलिटी या टूलने बिटवीननेस काढ, म्हणजे किती जवळचे मार्ग त्या ठिकाणावरून जातात ते कळेल. मग एकेक पूल काढून टाकून पणजी-म्हापसा अंतर किती वाढतं ते मोज.

त्याआधी डेटा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशामधून फक्त हायवे टॅग, म्हणजे रस्त्यांची खूण असलेल्या रेषा, उतरवल्यास तर दिवाडीची फेरीबोट गळते आणि बेट उगाच तुटलेलं दिसतं; रूट=फेरी हा टॅगही घे. थर यूटीएम 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात आण. रेषा जिथे छेदतात तिथे तोडणारा व्ही.क्लीन टूलचा ब्रेक पर्याय मात्र जपून वापर, नाहीतर उड्डाणपूल खालच्या रस्त्याला चिकटतो आणि नसलेला चौक तयार होतो. हे हाताने तपासण्यावाचून गत्यंतर नाही, कंटाळवाणं असलं तरी.