चेटकीण म्हणा, हडळ नको

प्रश्न असा आलाय की भाची इंग्रजी लेखक टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन' हे पुस्तक वाचतेय आणि रोज रात्री आजीला मराठीत सांगते, तर त्यातल्या 'विच'ला हडळ म्हणायचं की चेटकीण, आणि लहान मुलीसाठी वेगळा शब्द आहे का.

हडळ अजिबात नाही! हे ऐकून ऐकून कान किटलेत माझे, कार्टूनमध्ये झाडूवर बसलेली बाई दिसली की लोकं सरळ हडळ म्हणून मोकळी. अहो, हडळ म्हणजे मेलेल्या बाईचं भूत, जिवंत बाई हडळ असूच शकत नाही. कालच मुंज झालेला बटू पंगतीत लाडू खात बसलाय, त्याला मुंजा म्हणून हाक मारून बघा, त्याची आई काय करते ते! पुस्तकातली टिफनी नऊ वर्षांची, मेंढ्या पाळणाऱ्या घरातली, लोणी आणि चीज करणारी, हातात तवा घेऊन पाण्यातल्या राक्षसिणीला हाणणारी पोरगी आहे, चांगली हिंडतीफिरती.

डाकीण पण नको. नंदुरबारकडे सातपुड्यात हा शब्द बाईला चिकटला की तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीवही गेलेत. प्रॅचेटनेही हेच लिहिलंय खरं तर, गावातल्या एका म्हातारीला विच ठरवून तिचं घर जाळतात, ती थंडीत मरते, आणि टिफनीला विच व्हावंसं वाटतं त्यामागे हा राग आहे. जादूगारीण म्हटलं तर टोपीतून ससा काढणारी बाई डोळ्यासमोर येते.

आता चेटकीण. संस्कृतात चेट म्हणजे नोकर आणि चेटी म्हणजे दासी. 'मृच्छकटिक' आठवा, शकाराचा गाडीवान स्थावरक हा चेट, वसंतसेनेची मदनिका ही चेटी. पुढे तंत्रमंत्रवाल्यांकडे मंत्राने कामाला जुंपलेल्या शक्तीला चेटक म्हणायला लागले, आपलं चेटूक तिथलंच. म्हणजे माझ्या मते चेटकीण म्हणजे नुसती जादू करणारी बाई नाही, जिच्या हाताशी अदृश्य गडीमाणसं आहेत अशी बाई! कोकणात अजून म्हणतात ना, अमक्याने भूत पाळलंय, अगदी तीच कल्पना.

आणि टिफनीकडे काय आहे बघा. सहा इंच उंचीची, निळ्या अंगाची, लाल केसांची, चोऱ्यामाऱ्या करणारी माणसं, नॅक मॅक फीगल. मेंढीच्या एकेका खुराखाली एकेक जण शिरतो आणि मेंढी उभीच्या उभी माळावरून पळवून नेतात. राजा, राणी, मालक कुणालाच न मानणारी ही जमात, पण टोळीची म्हातारी प्रमुख मरताना ती जागा टिफनीला देते आणि मग परीराणीने पळवलेल्या टिफनीच्या भावाला परत आणायला सगळे तिच्यामागे त्या राणीच्या राज्यात घुसतात. इथे कुणीतरी म्हणणारच की पुस्तकाच्या नावातच 'फ्री' आहे, त्यांना चेट कसं म्हणता? अहो, घरातल्या मोठ्या आईने सांगितलेलं काम करणारा माणूस काय गुलाम असतो? इंग्रजी 'विच'मध्ये यातलं काहीही येत नाही, आपल्या चेटकिणीत सगळं आधीपासून बसलेलं आहे.

तिकडचे काही जाणकार 'विच' म्हणजे मुळात शहाणी बाई असं ठोकून देतात, ते चूक आहे. शहाणपणाच्या 'वाइज'वरून 'विझर्ड' आलाय. 'विच' आलाय जुन्या इंग्रजीतल्या 'विच्चे'वरून, आणि ध्वनी जवळचे वाटले म्हणून नातं जुळत नाही. टिफनीने तर अख्खी डिक्शनरी पहिल्या पानापासून वाचून काढलेली असते, ती तुमचं ऐकून घेणार नाही.

चेटकीण म्हटलं की 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची आठवते आणि आजी घाबरेल असं वाटत असेल तर उलट आहे, त्या चिंचीला बघून पोरं खदाखदा हसतात. विनोदी पुस्तकाला याहून बरा शब्द मिळायचा नाही.

हां, लहान मुलीचं राहिलंच. तयार शब्द नाही, पण सोनुली, छकुली तशी चेटकुली म्हणायला काय हरकत आहे? आजीला लगेच कळेल.