कफाचा खोकला, ज्येष्ठमध आणि बीपीची गोळी

वडिलांना बीपीची गोळी चालू आहे, कफ सुटावा म्हणून तीन आठवडे ज्येष्ठमधाचा काढा देताय आणि आता त्यांचे पाय सुजलेत, हे वाचून राहवलं नाही. आमच्या आईचं अगदी हेच झालं होतं. काढा कसा करायचा ते तुम्हाला ठाऊक आहेच, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही; पण माझं ऐकाल तर काढा आजच थांबवा आणि रक्तदाब, सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन नावाचा घटक असतो. तो शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतो. म्हणून दाब चढतो, सूज येते, पायात गोळे येतात. सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर पोटॅशियम आणखी घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काढा थांबवल्यावरही परिणाम लगेच जात नाही, एक-दोन आठवडे रेंगाळू शकतो.

आईला चूर्ण दिलं होतं एका दवाखान्याने. कागदी पुड्या, वर नाव नाही, घटक नाहीत. बीपीचं काही घेता का, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. सूज आल्यावर मी घटक विचारायला गेलो, तर 'आमचं खास मिश्रण आहे, सगळं नैसर्गिक आहे, काळजी नको' एवढंच उत्तर. आईच्या नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. तेही दाखवलं, तरी डोस वाढवून दिला! पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी चव घेऊन ज्येष्ठमधाचा अंदाज बांधला, पोटॅशियम बघितलं, तेव्हा उलगडा झाला. घटक न सांगणाऱ्याचं औषध घरात येऊ देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. अशा बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलंही सापडतं, आणि त्याने खोकला पटकन थांबतो म्हणून लोक पुन्हा तिथेच जातात.

सगळ्याच वनस्पती वाईट असं मला म्हणायचं नाही. अडुळसा मला आवडतो, ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध त्यातल्याच व्हॅसिसिन या घटकावरून तयार झालं. पण गरोदरपणात अडुळसा नको. सितोपलादी या खोकल्याच्या आयुर्वेदिक चूर्णात खडीसाखर 16 भाग असते, एकूण 31 पैकी. मधुमेह असेल तर हे लक्षात ठेवा. वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळद-आल्याचे मोठे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. कापूर तर कोणालाच पोटात देऊ नये, लहान मुलांना झटके येतात.

आणि मुळात तीन आठवडे कफ का पडतोय, ते बघायला हवं ना? दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्यात थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करूनच घ्यावा. हृदय नीट काम करत नसेल तरी खोकला आणि पायाची सूज एकत्र येतात, त्यामुळे सगळं काढ्यावर ढकलून मोकळे होऊ नका. धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल किंवा हातापायातली ताकद गेली असेल तर रिपोर्टची वाट न बघता आत्ताच रुग्णालयात न्या, आणि काढ्याचं पाकीट सोबत ठेवा.