मस्कतला गेलेला दादा

‘ताई, मी २९ वर्षांची, लालबागला चाळीत राहते, नोकरी करते. माझा दादा ३४चा. तीन वर्षांपूर्वी त्याला बायपोलर, म्हणजे मन कधी अति चढतं तर कधी खोल बसतं तो आजार, असल्याचं निघालं. त्या दिवसांत तो रात्र रात्र झोपत नव्हता, बाबांच्या फंडाच्या पैशातून पावणेदोन लाख काढून त्याने आइस्क्रीमच्या टेम्पोला ॲडव्हान्स देऊन टाकला. पाच आठवडे ॲडमिट होता. नोकरी गेली. आता दीड वर्ष लिथियमच्या गोळ्यांवर छान आहे, पण आईने नातेवाइकांत सांगून ठेवलंय की तो मस्कतला असतो. गेल्या रविवारी मला बघायला पाहुणे आले. दोन तास दादा पोटमाळ्यावर बसून होता, पंखा आवाज करतो म्हणून तोही बंद. पाहुणे गेल्यावर वरून विचारलं, “येऊ का खाली?” मुलगा मला पसंत आहे, त्यांचाही होकार आलाय. आई म्हणते, तुझं एकदा होऊन जाऊ दे. मुलाला सांगू की नको?’
— एक बहीण, लालबाग

बाई गं,

आधी त्या पंख्याचं बोलू, मुलाचं नंतर. दादा लिथियम घेतो ना? भर मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर दोन तास घाम गाळत बसायचं त्याने काम नाही. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरायला लागतात, उलट्या-जुलाब होतात, चालताना तोल जातो. म्हणून तर डॉक्टर त्याला मधूनमधून रक्त तपासायला लावतात. तसं काही दिसलं तर ‘बघू उद्या’ न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. अंगदुखीवर मेडिकलवाल्याकडून परस्पर आयबुप्रोफेनची गोळीसुद्धा आणू नका, तिनेही तेच होतं. तुमच्या घरातली लाज दादाच्या रक्तात मोजता येते, असं म्हटलं तर तुला कडू वाटेल. वाटू दे.

आता मस्कत. मला एक सांग, चाळीत हे कोणाला पटलंय? जिथे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात तिथे मस्कतचा माणूस सकाळी गॅलरीत ब्रश करताना कुणाला दिसत नाही? सगळ्यांना माहीत आहे. ते फक्त तुमच्यासमोर बोलत नाहीत, आणि तुम्ही त्यांच्यासमोर. माझी एक मावशी गिरगावात मागच्या खोलीत राहायची. ‘ती जरा अशीच आहे’ एवढंच आम्हा मुलांना सांगितलेलं. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत पोस्टाने शिकत असलेल्या इंग्रजीच्या वह्या निघाल्या, पानोपानी मास्तरांचे शेरे. त्या घरात तिच्या त्या मास्तरांएवढी चौकशी कुणीच केली नव्हती.

आईवर चिडू नकोस. ती लग्न करून लालबागला आली तेव्हा या देशात अजून इंग्रजांचा १९१२चा ल्युनसी ॲक्ट चालू होता, नावातच वेडा ठरवणारा. तो १९९३मध्ये गेला. मुंबईत तेव्हाही आणि आजही कुणाचं डोकं फिरलं म्हटलं की ‘ठाण्याला पाठवा’ म्हणून हसतात. ते ठाणं म्हणजे १९०१ सालचं मनोरुग्णालय, आणि तिथे सोडलेलं माणूस परत आणायला कुणी जात नाही हे आईने ऐकलेलं आहे. तिची भीती हवेतली नाही.

आणि हो, ‘हा मधुमेहासारखाच आजार, त्यात काय एवढं’ हे वाक्य मुलाकडच्यांना ऐकवू नकोस. मधुमेही माणूस रात्री तीनला उठून बापाचा फंड मोडत नाही. तुम्ही जे भोगलंत ते त्या वाक्यात बसत नाही, आणि समोरच्यालाही ते गुळगुळीत वाटतं.

सांगायचं का? कायद्याने तू बांधलेली नाहीस. हिंदू विवाह कायद्यात फसवणुकीचा मुद्दा येतो तो नवरा किंवा बायको यांच्या स्वतःबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवली तर. भावाचा आजार त्यात मोडत नाही. शिवाय २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय, तो दादाला. आईला नाही, तुलाही नाही. तुझ्या अख्ख्या पत्रात आई काय म्हणते आहे, बाबा गप्प आहेत हे कळतं, तुला काय वाटतं तेही आहे. दादाचं एकच वाक्य आहे, ‘येऊ का खाली?’ त्याला कुणी विचारलंय का, की तुझ्याबद्दल कुणाला काय सांगू?

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की त्याला घेऊन खाली चक्कर मारून ये आणि विचार. तो हो म्हणाला तर मुलाला तू स्वतः सांग, साखरपुड्याआधी, दोघंच असताना. शिवाजी पार्कचा कट्टा चालेल. कांदेपोह्यांच्या बैठकीत नको, तिथे मुलाच्या काकांना मत असतं. चार वाक्यं पुरेत: भावाला बायपोलर आहे, तीन वर्षांपूर्वी ॲडमिट होता, औषधं चालू आहेत, तो मस्कतला नाही. ‘रक्तात आहे का?’ हा प्रश्न येणार. खरं सांग. एरवी हा आजार शंभरात साधारण एकाला होतो. सख्ख्या भावंडाला शंभरात पाच ते दहा. म्हणजे धोका जास्त आहे, पण नव्वदाच्या वर भावंडांना होत नाही.

पण त्या मुलाला खरी जी गोष्ट कळायला हवी ती रक्ताची नाही. उद्या आईबाबा थकले की दादाच्या फाइली आणि डॉक्टरांच्या तारखा तुझ्याकडे येणार, क्वचित रात्रीचा फोनही. त्याला तुझ्याशी लग्न करायचं आहे तर हे धरून करायचं आहे. हे ऐकून तो मागे सरला तर वाईट वाटेल, फार वाईट वाटेल, पण साखरपुड्याचे पेढे वाटून झाल्यावर दुसऱ्या कुणाकडून त्याला कळण्यापेक्षा बरं.

दादा नको म्हणाला तर निदानाचं नाव घेऊ नकोस. ‘भाऊ घरी असतो, मध्ये खूप आजारी होता, त्याचं तो सांगेल तेव्हा सांगेल’ एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. मस्कत मात्र तिथेच संपलं पाहिजे.

आणखी एक काम. २०१७च्या त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार दादा बरा असतानाच एका साध्या कागदावर लिहून सही करू शकतो की, पुन्हा आजारी पडलो तर माझ्या वतीने अमुक माणूस बोलेल. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात त्याला. ते नाव त्याने निवडायचं, आईने नाही. पैशांचंही आत्ताच ठरवा. बाबांच्या खात्याचं कार्ड कोणाकडे, किती रकमेच्या वर दुसऱ्याला फोन करायचा, हे दादाला समोर बसवून. त्या टेम्पोची सगळ्यात जास्त शरम त्यालाच असणार, आणि तुम्ही तो विषय टाळता म्हणून ती तशीच साचून आहे.

आईला बोलायला माणूस हवं आहे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही लावला तर चालतो. लगेच लावणार नाही ती. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव, गॅसच्या नंबराशेजारी.

बाबांना सांगून माळ्यावरच्या पंख्याला तेवढं तेल घालून घे. दादाला वर झोपायला आवडत असेल तर त्याने वर झोपावं, पंखा लावून.